सूत कुणाचं, तोटा कुणाचा?

पत्र थोडक्यात

पत्रलेखक २५ वर्षांचा आहे, मूळचा इचलकरंजीचा, मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो, हातात २७ हजार पडतात. घरी वडिलांचे बारा साधे यंत्रमाग मजुरीवर चालतात. दोन वर्षांपासून तो शेअर बाजारात ऑप्शनचे, म्हणजे ठरलेल्या भावाने घ्यायच्या-विकायच्या हक्काचे, सौदे करतो. पहिल्या दीड वर्षात १ लाख ४० हजार गेले. त्यासाठी ॲपवरून काढलेल्या कर्जातले ९० हजार अजून फिटायचे आहेत, व्याज २४ टक्के. घरी कुणालाच माहीत नाही. गेल्या चार महिन्यांत मात्र ३८ हजारांचा नफा झाला, त्यातले २२ हजार एकाच एक्स्पायरीला, म्हणजे करार संपण्याच्या दिवशी. आता पुण्यात बाणेरच्या एका 'प्रॉप डेस्क'ने, म्हणजे पेढीच्या पैशाने सौदे करायला देतो म्हणणाऱ्या ऑफिसने, त्याला निवडलं आहे. अटी अशा : ४० हजार प्रशिक्षण शुल्क, दीड लाखाचं 'परत मिळणारं' डिपॉझिट, त्यावर १५ लाखांचं लिमिट, नफ्यात ६० टक्के वाटा, तोटा झाला तर डिपॉझिटमधून वळता. पगार नाही. पाच हजार टोकन यूपीआयने देऊन झालं आहे, उरलेले पैसे आईच्या नावची ठेव मोडून द्यायचा विचार आहे. शनिवारपर्यंत कळवायचं आहे. तो विचारतो, "नोकरी सोडू का? माझ्यासारख्या नवख्याने प्रॉप ट्रेडिंगमध्ये करिअर करायचं म्हटलं तर हीच वेळ ना? अजून दोन वर्षं चाकणला काढली तर वय निघून जाईल."

उत्तर

प्रिय मित्रा,

तू माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

शनिवारची घाई आहे, तेव्हा उत्तर आधी देते. डिपॉझिट देऊ नकोस. आईची ठेव मोडू नकोस. राजीनामाही देऊ नकोस. पण 'प्रॉप ट्रेडिंगच्या वाटेला जाऊ नकोस' असं मी म्हणत नाही. तुला जिथे बोलावलं आहे ते प्रॉप ट्रेडिंग नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि ते नीट सांगायला हवं, कारण अशी पत्रं मला सोलापूरहून आली, जळगावहून आली, एक मडगावहूनही आलं. डिपॉझिटचा आकडा प्रत्येकात वेगळा, बाकी मजकूर तोच.

तुझ्या वडिलांच्या कारखान्यापासून सुरुवात करू. तुम्ही खर्चीवाले यंत्रमागधारक. व्यापारी बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, आणून देतो, बाण्याचं म्हणजे आडव्या धाग्याचं सूत देतो, वडील कापड विणून देतात आणि पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मजुरी घेतात. कापडाला उठाव नसला की झळ वडिलांनाही लागते. मजुरी घटते, माग बंद ठेवावे लागतात. पण गोदामात पडून राहिलेल्या कापडाचा तोटा व्यापाऱ्याचा असतो, कारण सूत त्याचं. आता समज, उद्या एखादा व्यापारी वडिलांना म्हणाला, "माझं सूत विणा, पण आधी दीड लाख माझ्याकडे ठेवा. वर माग कसा चालवायचा ते शिकवायचे ४० हजार द्या. मजुरी मिळणार नाही. कापड चढ्या भावाने गेलं तर नफ्यातले ४० टक्के माझे. पडेल भावाने गेलं तर सगळा तोटा तुमच्या दीड लाखातून." वडील काय उत्तर देतील? तो बीम मागावर चढणार नाही, एवढं मला इथे बसून सांगता येतं.

प्रॉप म्हणजे पेढीने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या खात्यात केलेला सौदा. दलाल पेढीच्या टर्मिनलवर ऑर्डर टाकताना ती 'प्रो' आहे की 'क्लायंट', हे निवडावं लागतं. प्रो म्हणजे पेढीचा पैसा, पेढीचा नफा आणि पेढीचाच तोटा. तिथे बसणारा ट्रेडर हा पेढीचा माणूस असतो. पगार बेताचा, नफ्यात ठरलेला वाटा. तो चुकला तर वाटा बुडतो, लिमिट कापलं जातं, फार चुकला तर नोकरी जाते. काही पेढ्या आधीचा तोटा भरून निघेपर्यंत पुढच्या नफ्यातला वाटाही देत नाहीत. तो त्या धंद्याचा रिवाज आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण ट्रेडरच्या आईची ठेव त्या हिशेबात कुठेच येत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी सतरा वर्षं फोर्टातल्या एका दलाल पेढीत रिस्क टेबलवर होते. माझं काम एकच : कुणाची पोझिशन, म्हणजे चालू सौदे, किती वाढली, कुणाचा दिवसाचा तोटा ठरलेल्या आकड्यापर्यंत आला, ते बघायचं आणि आकडा गाठला की टर्मिनल बंद करायचं. एका मुलाचं टर्मिनल मी सकाळी पावणेबाराला बंद केलं होतं. तो रागाने लाल झाला, "मॅडम, अजून दहा मिनिटं द्या, बाजार फिरतोय" म्हणून हात जोडत होता. दिली नाहीत. संध्याकाळी तो कँटीनमध्ये वडापाव खात बसलेला दिसला, दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पुन्हा जागेवर होता. तोटा मोठा होता, पण पेढीचा होता, म्हणून त्याला झोप लागली होती.

पुढे माझ्याच ओळखीतल्या एका ठिकाणी डिपॉझिट घेऊन पोरांना बसवायला सुरुवात झाली. मी तिथे काही महिने मदतीला होते. तिथला एक मुलगा दर सोमवारी डिपॉझिटमध्ये भर घालायचा. दहा हजार, पंधरा हजार. पैसे कुठून आणतो हे विचारणं माझ्या कामात बसत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. त्याची टोचणी मला आजही आहे. तुझ्या पत्रात 'आईची ठेव' हे शब्द वाचले तेव्हा तो मुलगाच डोळ्यांसमोर आला, म्हणून तुझं पत्र रांगेतून वर काढलं.

आता त्या १५ लाखांच्या लिमिटचा हिशेब करू. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने नियम केला की निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या नव्या कराराचं मूल्य किमान १५ लाख रुपये असावं. फ्युचरच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या कराराच्या, एका लॉटला (किमान एका संचाला) साधारण १२-१३ टक्के मार्जिन, म्हणजे अनामत, लागतं असं धरू, म्हणजे लॉटमागे दोन लाखांच्या आसपास. मग १५ लाखांच्या मार्जिनवर सात लॉट बसतात आणि त्यांचं मूल्य होतं एक कोटीच्या वर. निर्देशांक तुझ्या विरुद्ध एक टक्का गेला की लाखाचा तोटा. दीड टक्का गेला की डिपॉझिट संपलं. एका दिवसात दीड टक्का हलणं ही बाजारात काही अपूर्वाईची गोष्ट नाही. तू दोन वर्षांत असे दिवस पुष्कळ पाहिले असशील. त्या ऑफिसला मात्र यात काहीच धोका नाही. तोटा दीड लाखाच्या जवळ आला की ते तुझी पोझिशन कापणार. आणि तू जिंकलास तर ४० टक्के त्यांचे. तुला ते भांडवल देत नाहीत, तुझ्याच पैशाच्या बळावर आपला वाटा पक्का करून घेतात.

याहून वाईट शक्यताही सांगायला हवी. तुझे सौदे खरोखर एक्स्चेंजवर जातात की नाही, हे तुला कसं कळणार? तुझ्या स्वतःच्या डीमॅट-ट्रेडिंग खात्यात सौदा केलास की रोज कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्यांची पावती, येते, एक्स्चेंजकडून एसएमएस येतो. इथे खातं तुझं नसणार, तेव्हा तुझ्या हाती यातलं काहीच येणार नाही. फक्त पडद्यावरचे आकडे. सौदा बाजारात न जाता त्यांच्याच वहीत राहिला तर त्याला डब्बा म्हणतात, १९५६ च्या प्रतिभूती करार कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि डब्ब्यात तुझा तोटा हीच त्यांची कमाई असते. हे ऑफिस डब्बा चालवतं असा आरोप मी करत नाही, मला ते ठाऊक नाही. पण ज्या रचनेत हे तपासायची सोयच तुझ्याकडे नाही, तिथे पैसे ठेवू नयेत.

आणि एक साधी गोष्ट. इक्विटी डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे फ्युचर-ऑप्शनच्या, टर्मिनलवर दलालाकडे अधिकृतपणे बसायचं तर एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची आठवी मालिका, म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्हची परीक्षा, उत्तीर्ण असावं लागतं. बाणेरच्या त्या ऑफिसात तुझी तासभर मुलाखत झाली, मार्कशीट पाहिली, डिपॉझिट कसं भरणार ते तीनदा विचारलं, असं तू लिहितोस. या परीक्षेबद्दल त्यांनी एकदा तरी विचारलं का? तुझ्या चार पानी पत्रात तिचा उल्लेख नाही.

आता तुझ्या चार महिन्यांच्या नफ्याकडे येते. इथे मला तुझ्याशी जरा कडक बोलावं लागेल, आणि तेही तुझ्याच भाषेत. तू क्वालिटीत आहेस. नवं मशिन आलं आणि पहिल्या बॅचमधले नग मापात निघाले, तर तू लगेच प्रोसेस पास करतोस का? नाही करत. पुरेसे नमुने घेतोस, कंट्रोल चार्ट काढतोस, माप किती पसरतं ते बघतोस, प्रोसेस कॅपेबिलिटीचा आकडा मागतोस. एखादा नग अगदी नेमका मध्यावर आला तर त्याचं कौतुक होतं, पण त्यावरून मशिनचा निकाल कुणी लावत नाही. मग स्वतःच्या बाबतीत हा नियम का सोडलास? ३८ हजारांतून त्या एका एक्स्पायरीचे २२ हजार बाजूला काढ. उरले १६ हजार, चार महिन्यांत. त्यातून ॲपच्या कर्जाचं व्याज वजा कर. मग प्रत्येक सौद्याची यादी कर आणि बघ, सगळ्यात चांगले तीन दिवस काढून टाकले तर काय उरतं. मला वाटतं तुला उत्तर आधीच माहीत आहे. पत्रात तू २२ हजारांचा दिवस तारखेसकट लिहिलास, बाकीच्या महिन्यांना एक ओळ दिलीस.

यात तुझी लायकी काढायचा हेतू नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास जाहीर केला त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेले एक कोटीहून जास्त लोक होते. त्यांतल्या ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. खर्च वजा जाता लाखाच्या वर नफा कमावणारे होते अवघे एक टक्का. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्येही तोट्यातल्यांचं प्रमाण ९१ टक्के राहिलं. एवढ्या लोकांत चार महिने नफ्यात असलेली माणसं हजारोंनी सापडतील, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला गुरुकिल्ली मिळाली असंच वाटत असेल. त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो : तोट्यात गेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक तोटा होऊनही सौदे करतच राहिले.

तू म्हणशील, "म्हणूनच तर प्रॉपमध्ये जायचंय, तिथले लोक कमावतात." कमावतात, खरं आहे. त्याच अभ्यासात २०२३-२४ या वर्षी प्रॉपवाल्यांचा खर्चाआधीचा नफा ३३ हजार कोटी दिसतो आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांचा २८ हजार कोटी. किरकोळ ट्रेडरांचा खर्चाआधीचा तोटा ६१ हजार कोटींच्या वर. बेरीज तूच करून बघ. पण त्याखालची ओळ लोक वाचत नाहीत : प्रॉपवाल्यांच्या नफ्यातला ९६ टक्के भाग अल्गोरिदमने, म्हणजे संगणकाने आपोआप, केलेल्या सौद्यांतून आला. म्हणजे ज्या प्रॉपचा नफा पाहून तू भारावला आहेस, तिथे चार्ट बघून माउस दाबणारी माणसं फारशी नाहीत. तिथे कोड लिहिणारे, संभाव्यता शिकलेले, एक्स्चेंजच्याच इमारतीत सर्व्हर ठेवून मायक्रोसेकंदांचा हिशेब करणारे लोक आहेत. बाणेरच्या खोलीत दीड लाख भरून बसलेला मुलगा आणि हे लोक, दोघांनाही 'प्रॉप' हाच शब्द लागतो. सगळा घोटाळा इथेच आहे.

मग नवख्याला खरं दार कुठलं? माझ्या माहितीत तीन आहेत.

पहिलं या मोठ्या अल्गो कंपन्यांचं. त्या आयआयटीसारख्या ठिकाणांहून मुलं उचलतात. मुलाखतीत संभाव्यतेची कोडी, तोंडी गणित आणि सी प्लस प्लस. खोटी आशा दाखवत नाही : आज तू तिथे बसणार नाहीस. पण तू पत्रात अगदी ओझरतं लिहिलंस की शिफ्ट संपल्यावर पायथनमध्ये ऑप्शनच्या भावांचं छोटं कोष्टक बनवलंस आणि त्यात तीन रविवार कसे गेले कळलंच नाही. तुझ्या सबंध पत्रात मला सर्वांत आवडलेलं वाक्य ते आहे. त्याकडे पुन्हा येते.

दुसरं दार जुन्या आर्बिट्राज डेस्कचं, म्हणजे दोन ठिकाणच्या भावांतला फरक कमावणाऱ्यांचं. मी २००१ साली कामाला लागले. त्याच वर्षी बदला, म्हणजे सौदे पुढे ढकलायची जुनी पद्धत, बंद झाला आणि शेअरचे फ्युचर सुरू झाले. १९९५ साली बोल्ट ही संगणकी प्रणाली आल्यावर मुंबई शेअर बाजाराच्या रिंगणातला आरडाओरडा पडद्यावर गेला होता, आणि रिंगणातले दोन जुने जॉबर, म्हणजे भावातल्या लहान फरकावर कमावणारे, आमच्याकडे टर्मिनलवर बसत. एकाला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण भावातला पाच पैशांचा फरक त्याला डोळे मिटून कळायचा. कॅशमध्ये घ्यायचं, फ्युचरमध्ये विकायचं. एका एक्स्चेंजवर घ्यायचं, दुसऱ्यावर विकायचं. नफा पैशांत, पण दिवसाला शेकडो वेळा, आणि बाजार वर गेला काय, खाली गेला काय, पोझिशन दोन्हीकडून बांधलेली. शिकाऊ मुलं सहा महिने त्यांच्या शेजारी नुसती बसून राहायची, टेबलावरचा चहा आणण्यापासून सुरुवात. पगार तुटपुंजा होता, पण होता. डिपॉझिट नव्हतं. २०१० च्या सुमारास को-लोकेशन, म्हणजे एक्स्चेंजच्या इमारतीत सर्व्हर ठेवायची सोय, आलं आणि ते पाच पैसे यंत्रं आधीच उचलू लागली. असे डेस्क मुंबईत, अहमदाबादेत, कोलकात्यात अजून आहेत, पण कमी झालेत, जागा ओळखीतून भरतात, आणि तिथेही आता कोष्टक आणि कोड येणाऱ्या मुलाला आधी घेतात.

तिसरं दार मला तुझ्यासाठी सर्वांत बरं वाटतं, आणि ते सर्वांत कमी झगमगाटाचं आहे. दलाल पेढीत किंवा प्रॉप कंपनीत रिस्क, ऑपरेशन्स, डेटा असल्या टेबलवर नोकरी. तिथून ट्रेडरच्या खुर्चीत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसऱ्याच्या चुका रोज आकड्यांत बघितल्या की आपल्या चुका स्वस्तात कळतात. आणि क्वालिटीतला माणूस रिस्कमध्ये उपरा नसतो. ठरलेल्या मर्यादेबाहेर काय चाललंय ते वेळेत ओळखायचं आणि लाइन थांबवायची, हेच दोन्हीकडचं काम.

एक चौथंही दार इंटरनेटवर उघडं दिसतं. तुझ्या पत्रात ते नाही, पण इतरांच्या पत्रांत खूप असतं. परदेशी संकेतस्थळ, 'चाचणी' म्हणून काही हजारांचं शुल्क, उत्तीर्ण झालात तर लाखो डॉलरचं 'फंडेड' खातं. सौदे बहुधा परकीय चलनाचे. भारतात राहणाऱ्याने परकीय चलनाचे असे सौदे रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या मंचावर किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच करायचे, असा नियम आहे, आणि अनधिकृत मंचांची सावधानसूची रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध करते. नाव त्या यादीत नाही म्हणजे मंच अधिकृत आहे, असं मात्र समजू नका.

"नवख्यांना कुणी स्वतःच्या पैशावर शिकवतंच नाही का?" असं तू विचारतोस. शिकवलेलं आहे. १९८३ साली शिकागोचा रिचर्ड डेनिस नावाचा ट्रेडर आपल्या भागीदाराशी, विल्यम एकहार्टशी, वाद घालून बसला की ट्रेडर घडवता येतो. त्याने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, निरनिराळ्या पेशांतले नवखे निवडले, दोन आठवडे शिकवलं आणि सौदे करायला स्वतःचे पैसे दिले. ही गोष्ट प्रशिक्षणवाले हमखास सांगतात. बाणेरच्या ऑफिसनेही तुला सांगितली, असं दिसतं. फक्त डेनिसने त्या मुलांकडून शुल्क आणि डिपॉझिट घेतलं नव्हतं, हे सांगायचं राहिलं.

आता नोकरीबद्दल. 'चाकणला दम घुटतो, ट्रेडिंगमध्ये मोकळीक आहे' असं तू लिहिलंस. मोकळीक कशाला म्हणतोस, ते एकदा कागदावर लिहून बघ. मी पाहिलेले ट्रेडर सव्वानऊ ते साडेतीन खुर्चीतून हलत नसत. जेवण डाव्या हाताने, आईचा फोन आला तर 'नंतर करतो'. महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यात काहीही जमा होईलच असं नसे. तुला साहेबाचा जाच आहे की कामात नवं काही उरलेलं नाही, की २७ हजारांत कर्ज फिटत नाही? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. साहेबाचा जाच असेल तर दुसरा कारखाना बघ, चाकणला कारखान्यांची वाण नाही. कर्ज असेल तर आधी तेच फेड : २४ टक्क्यांचं कर्ज फिटणं म्हणजे खात्रीचे २४ टक्के वाचणं, आणि खात्रीने इतकं देणारा एकही सौदा मी सतरा वर्षांत पाहिला नाही. कामात नवं काही उरलं नसेल, तर पुढचं वाच.

येत्या सहा महिन्यांत मी तुझ्या जागी काय केलं असतं ते सांगते. ऑप्शनचे सौदे कर्ज फिटेपर्यंत बंद. ते जमत नसेल, हात शिवशिवत असतील, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि तिला नाव द्यायला हवं. तेव्हा मला नव्हे, समुपदेशकाला गाठ. एनआयएसएमची आठवी मालिका द्यायची. शंभर प्रश्न, दोन तास, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. शुल्क १५०० रुपयांच्या आसपास. बाणेरचे ४० हजार त्याच्या शेजारी मांडून बघ. ही सेबीने उभारलेली संस्था, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला तिचं आवार आहे, परीक्षा मात्र पुण्यात देता येते. आणि ते पायथनचं कोष्टक पुढे न्यायचं. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर रोजची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची यादी, फुकट मिळते. गेल्या तीन-चार वर्षांच्या भावकॉपी उतरवून घे, तू ज्या नियमाने चार महिने सौदे केलेस तो नियम त्यांवर लावून बघ, दलाली आणि कर वजा करून. नियम टिकला तर तुझ्या हाती मुलाखतीत दाखवायला काहीतरी खरं असेल. नाही टिकला तरीही असेल, कारण स्वतःचा नियम स्वतः तपासून मोडीत काढणारा मुलगा रिस्क टेबलला हवाच असतो. मग अर्ज कर, आधी मुंबईत. वयाची काळजी तू करतोस तेवढी नाही. आमच्याकडे आलेला सर्वांत चांगला रिस्कवाला तिसाव्या वर्षी औषध कंपनीतून आला होता.

पुन्हा कुठल्या डेस्कवर बोलावणं आलं, तर तुला आणि तुझ्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न देते. सेबीचा नोंदणी क्रमांक काय? तो घरी येऊन सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघायचा, त्यांनी दाखवलेल्या प्रमाणपत्रावर नाही. सौदे कुणाच्या खात्यात होणार? नेमणूकपत्र मिळेल का, पगार किती, भविष्यनिर्वाह निधी कापणार का? तोटा झाला तर माझ्याकडून एक रुपयाही वसूल होणार नाही, हे लिहून द्याल का? दोन वर्षांहून जास्त इथे असलेल्या दोघांशी तुम्ही समोर नसताना बोलू द्याल का? खरी पेढी या प्रश्नांनी चिडत नाही. उलट असे प्रश्न विचारणारा मुलगा तिला आवडतो.

घरच्यांचं राहिलं. १ लाख ४० हजार गेले हे तू दोन वर्षं एकट्याने वाहतो आहेस, आणि दीड लाखाचा हा जुगाड त्या ओझ्यातूनच सुचला असावा असं मला वाटतं. एकदाच मोठा हात मारून सगळं भरून काढायचं, मग सांगायचं, किंवा सांगायची गरजच उरणार नाही. मित्रा, वडिलांनी मंदी पाहिली आहे. माग भंगारात गेलेले शेजारी पाहिले आहेत. तोटा म्हणजे काय ते त्यांना तुझ्याहून जास्त कळतं. या रविवारी गावी जा. आधी आईला सांगायचं की वडिलांना, ते तू ठरव. कर्जाचं स्टेटमेंट बरोबर ने, आकडा कमी करून सांगू नकोस, आणि फेडायचा हिशेब कागदावर लिहून ने : महिन्याला किती, किती महिने. ते ओरडतील. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तरी आईच्या ठेवीबद्दल तिला बँकेतून कळण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

आणि ते पाच हजार. शनिवारी फोन करू नकोस, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने लेखी कळव : मी येत नाही, टोकन परत करा. यूपीआयची नोंद, त्यांचे मेसेज, डिपॉझिटच्या अटींचा कागद, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेव, कारण तुझ्या नकारानंतर त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुला काढून टाकतील आणि जुने मेसेजही कदाचित पुसतील. ते म्हणतील, टोकन परत मिळत नाही. किंवा म्हणतील, तुझ्यासाठी डिपॉझिट एक लाखावर आणतो. दुसरं वाक्य आलं तर अजिबात बोलत बसू नकोस. ऑफिस सेबीकडे नोंदलेलं निघालं तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार टाक, नसेल तर पोलिसांत दे. आणि त्यांचं काय उत्तर येतं ते मला कळव.

तुझी,
सदरलेखिका